‘नाही’च्या लॉबीतलं दार

शुक्रवारी दुपारी सभागृहात माणसं कमी आणि जांभया जास्त असतात. ही वेळ खासगी विधेयकांची, म्हणजे सरकारने नव्हे तर एखाद्या आमदाराने स्वतःच्या हिमतीवर मांडलेल्या विधेयकांची. ती मांडली जातात, त्यांच्यावर चार भाषणं होतात, मंत्री आश्वासन देतात आणि विधेयक मागे घेतलं जातं. कुणाचं काही बिघडत नाही.

या शुक्रवारी मात्र एकही बाक रिकामा नव्हता. सत्ताधारी पक्षाचा प्रतोद सकाळपासून फोनला चिकटला होता. आपले आमदार वेळेवर हजर ठेवायचे आणि ठरल्या बाजूला मत द्यायला लावायचे, हेच त्याचं काम. त्याने एकाला दवाखान्यातून आणलं होतं, एकाला विमानतळावरून परत बोलावलं होतं.

“एवढी कसली आग लागलीय?” विमानतळावरून आलेल्याने विचारलं.

“बिजागरींचं विधेयक आज मताला येतंय,” प्रतोद म्हणाला. “आणि माझा हिशोब काठावर आहे.”

बिजागरी हे त्यांचं आडनाव नव्हे. पहिल्यांदा निवडून आले तेव्हा पहिल्याच भाषणात ते दारं, चौकटी आणि बिजागऱ्या यांवर इतका वेळ बोलले की तेव्हाच्या एका मंत्र्याने ‘बिजागरीसाहेब, आता चौकटीत या’ असा टोला हाणला. सभागृह हसलं, तेही हसले, आणि नाव चिकटलं. पुढच्या निवडणुकीत मतदारसंघातल्या भिंतींवर त्यांच्याच कार्यकर्त्यांनी ते रंगवलं. आता वय चौऱ्याहत्तर. सलग सात वेळा आमदार, सातही वेळा विरोधी बाकांवर. आठव्यांदा उभं राहणार नाही असं त्यांनी जाहीर केलं होतं, आणि या सभागृहाचं हे शेवटचं अधिवेशन होतं. विधेयक आज पडलं, तर ते पुन्हा मांडायला बिजागरी तिथे नसणार होते.

विधेयक एका पानात मावत होतं. पन्नासहून जास्त माणसं जिथे एकत्र जमतात, तिथलं प्रत्येक दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे. कारखाना असो, शाळा असो, नाट्यगृह असो की सरकारी कचेरी. जुन्या इमारतींना एक वर्षाची मुदत. बस.

त्यामागची गोष्ट सभागृहाला पाठ होती. बिजागरी एकोणीस वर्षांचे असताना एका सुताराच्या हाताखाली काम करायचे. त्यांची थोरली बहीण, आक्का, पिशव्या शिवण्याच्या कारखान्यात होती. एका दुपारी तिथे कापडाच्या गठ्ठ्यांनी पेट घेतला. आग मोठी नव्हती; पण सगळ्या बायका एकदम दाराकडे धावल्या, आणि दार आत उघडणारं होतं. पुढच्यांनी ते ओढायचं, तर मागच्या त्यांना त्याच दारावर दाबत होत्या. अकरा जणी धुराने गेल्या. आक्का गर्दीच्या शेवटी होती, बाजूची खिडकी फोडली तेव्हा तिथून निघाली. दुसऱ्या दिवशी ते दार काढायला उस्तादाबरोबर बिजागरीच गेले. बिजागऱ्यांचे स्क्रू सोडवताना त्यांनी पाहिलं की दाराला आगीचा साधा डागही नव्हता.

“आगीनं कुणी मेलं नाही,” ते प्रत्येक भाषणात सांगत. “एका चुकीच्या बाजूला लावलेल्या बिजागरीनं मेलं.”

आमदार झाल्यापासून चार वेळा विधेयक मांडून झालं होतं. एकदा चर्चेलाच आलं नाही. एकदा सरकार पडलं, विधेयकही पडलं. एकदा समितीकडे गेलं आणि तिथेच मुरलं. चौथ्या वेळी मंत्र्यांनी भर सभागृहात शब्द दिला, बिजागरींनी विश्वास ठेवून ते मागे घेतलं, आणि पुढच्याच महिन्यात मंत्र्यांचं खातं बदललं. मधे एकदा सरकारात येण्याचं बोलावणंही आलं होतं. बदल्यात बिजागरींनी विधेयक मागितलं. मंत्रिपद मिळत होतं, विधेयक मिळत नव्हतं. ते गेले नाहीत.

“बरं केलंस,” आक्का तेव्हा म्हणाली होती. “तुला मोटारीत मागं बसलं की मळमळतं.”

आज आक्का प्रेक्षक गॅलरीत पहिल्या रांगेत बसली होती. वय ब्याऐंशी, हातात काठी, डोळ्यांवर मोतिबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. गॅलरीत बोलायला मनाई असते. पहारेकऱ्याने तिला तसं दोनदा सांगितलं होतं.

“मी बोलतेय का? मी पुटपुटतेय,” ती म्हणाली.

खाली बांधकाममंत्री उत्तराला उभे राहिले. “अध्यक्षमहोदया, सन्माननीय सदस्यांच्या भावनेचा सरकार आदर करतं. सरकार सकारात्मक आहे. पण राज्यातल्या सगळ्या शाळा, सगळ्या कचेऱ्या, एवढी दारं बदलायची म्हणजे खर्च प्रचंड आहे. म्हणून माझी विनंती आहे की त्यांनी विधेयक मागे घ्यावं.”

बिजागरी उठले. “अध्यक्षमहोदया, ‘सकारात्मक’ हा शब्द मी आजवर सात मंत्र्यांच्या तोंडून ऐकला. मंत्री आले, गेले. दार तेवढं अजून आतच उघडतंय.”

विरोधी बाकांवर हशा. बाकं वाजली.

“आणि खर्चाचं म्हणाल तर दार बदलायचं नाहीच आहे. तेच दार, तीच चौकट. बिजागरी ह्या अंगाची त्या अंगाला लावायची, चौकटीची खाच फिरवायची. सुतार एका दिवसात चार दारं करतो. मी पाच करायचो.”

“मग तुम्हालाच कंत्राट देऊ!” सत्ताधारी बाकांवरून कुणीतरी ओरडलं.

“द्या ना! निवडणूक लढवत नाहीये, रिकामाच आहे.”

आता दोन्ही बाजू हसल्या. अध्यक्षबाईंनी हातोडा आपटला आणि विचारलं, “सन्माननीय सदस्य विधेयक मागे घेतात का?”

“नाही.”

सभागृहात एकदम हालचाल झाली. प्रतोद दाराशी उभा होता, तो आत आला. अध्यक्षबाईंनी आवाजी मत घेतलं. ‘होय’वाले ओरडले, ‘नाही’वाले त्याहून मोठ्यांदा ओरडले.

“‘नाही’चं बहुमत दिसतं,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“मतविभागणी!” बिजागरींनी दोन्ही हात वर केले. “डोकी मोजा!”

आणि घंटा सुरू झाली.

या सभागृहात डोकी मोजण्याची पद्धत जुनी आहे. बटणं नाहीत. अध्यक्षांकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला एक लांबट, अरुंद खोली, ती ‘होय’ची लॉबी. डाव्या हाताला तशीच दुसरी, ती ‘नाही’ची. घंटा तीन मिनिटं वाजते. तेवढ्यात ज्याने त्याने आपापल्या लॉबीत जायचं. घंटा थांबली की दारांना कुलूप. मग लॉबीच्या दुसऱ्या टोकाचं, तोवर बाहेरून कुलूपबंद असलेलं दार उघडतं आणि तिथे टेबल लावून बसलेला कारकून एकेकाला मोजत बाहेर सोडतो. जो ज्या लॉबीत, त्याचं मत त्या बाजूचं. सबब चालत नाही.

दोन्ही लॉब्यांची दारं आतल्या बाजूला उघडणारी होती. ती बदला म्हणून बिजागरींनी इमारत समितीला किती वेळा सांगितलं याची गणती नाही. ‘दारं ऐतिहासिक आहेत’ एवढंच उत्तर यायचं.

घंटा वाजत होती, बाकं सरकत होती, सगळं सभागृह उभं राहिलं होतं. बिजागरींच्या पक्षाच्या, मित्रपक्षांच्या, अपक्षांच्या लोकांनी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. “चला, साहेब, आज होणार!” “काठावर आहे, पण होणार!” बिजागरींचे कान तापले होते. त्यांनी वर गॅलरीकडे पाहिलं, आक्काने काठी उचलून दाखवली. त्यांनी कागद खिशात कोंबले, बाकाच्या कडेला हात टेकून बाहेर पडले आणि झपाझप चालू लागले.

डावीकडे.

पस्तीस वर्षं घंटा वाजली की ते डावीकडे गेले होते. सरकारने कायदा आणायचा, बिजागरींनी मतविभागणी मागायची, आणि ‘नाही’च्या लॉबीत जाऊन उभं राहायचं. हरलेल्या बाजूला मोजून घेण्याची त्यांना इतकी सवय होती की त्या लॉबीतला कुठला पंखा कुरकुरतो हेही माहीत होतं. ‘होय’ची लॉबी त्यांनी क्वचितच पाहिली होती. आज डोक्यात विधेयक होतं आणि पायांना कुणी काही सांगितलंच नाही.

“अरे! अरे बारक्या!” वर आक्का उभी राहिली. “तिकडं कुठं?”

“आजी, खाली बसा,” पहारेकरी धावला.

“अरे, तो चुकला! त्याला कुणी धरा!”

पण घंटेपुढे आक्काचा आवाज कुठे पोचतो. बिजागरींचे साथीदार उजवीकडे निघाले होते. म्हातारबा पुढेच गेले असतील असं त्यांनी धरलं. बिजागरी ‘नाही’च्या लॉबीत सगळ्यांत आधी शिरले आणि नेहमीप्रमाणे थेट शेवटच्या टोकाला, कारकुनाच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. मागोमाग प्रतोदाने हाकललेला सत्ताधाऱ्यांचा लोंढा आत आला. एरवी या लॉबीत हात पसरून उभं राहता यायचं. आज तिथे तीळ टाकायला जागा उरली नाही.

कारकुनाने मान वर केली. “साहेब, आपण... इथं?”

बिजागरींनी त्याच्याकडे पाहिलं. मग भोवतालच्या चेहऱ्यांकडे. एकही चेहरा आपल्या बाजूचा नव्हता.

“अगं आई गं,” ते म्हणाले.

हशाचा स्फोट झाला. “या या, बिजागरीसाहेब! अखेर सरकारचं पटलं तर!” “स्वतःच्याच विधेयकाला विरोध! याला म्हणतात लोकशाही!” प्रतोदाच्या तर डोळ्यांत पाणी आलं. “साहेब, आता इथंच थांबा,” तो म्हणाला. “एवढी वर्षं राहिलात, शेवटच्या मिनिटाला कशाला मन मोडता?”

“बाजूला व्हा! मला जाऊ द्या!”

घंटा अजून वाजत होती. दीड मिनिट असेल, कमीही असेल. बिजागरींनी खांदा पुढे केला आणि गर्दीत घुसले. लोक हसत हसत सरकले, पण सरकणार कुठे? टेबलाकडे जागा नव्हती, म्हणून जो तो दाराकडे रेटला गेला. त्यात शेवटी आलेले दोघे-तिघे अजून दाराला टेकूनच होते. दार स्प्रिंगचं, त्यांच्या पाठीमागे ते कधीच बंद झालं होतं.

“दार उघडा रे, म्हातारबांना जाऊ दे,” मधून कुणीतरी म्हणालं.

“उघडत नाही!” दाराशी पैलवान होता. पूर्वीचा कुस्तीगीर, आता सत्ताधारी पक्षाचा आमदार, अंगाने दारापेक्षा थोडाच लहान. “आत उघडतं हे! जागा द्या, मागे व्हा!”

“अरे, ओढ की! पैलवान ना तू?”

“कुणाला ओढू? सगळे माझ्याच अंगावर आहात!”

पैलवानाच्या शेजारी नर्सबाई होती. वीस वर्षं वॉर्डात नोकरी केलेली, पहिल्यांदाच निवडून आलेली. तिचा हात कडी आणि पैलवानाची पाठ यांच्यात सापडला होता. “माझा हात!” ती ओरडली. “हात अडकलाय! ढकलू नका!”

मागच्यांना ते ऐकू आलं नाही. त्यांना वाटलं, पुढचे मुद्दाम मजा करतायत. ते अजून रेटू लागले. हसणं दोन ठिकाणी थांबलं, मग चार ठिकाणी. एकाचा चष्मा खाली पडला आणि वाकून उचलायलाही त्याला जागा झाली नाही. “अरे, श्वास घेता येईना,” असं कुणीतरी म्हणालं, आणि त्या आवाजात गंमत अजिबात नव्हती.

बिजागरी गर्दीच्या मधोमध, खांद्याने समोरच्याला ढकलत होते. घंटा, विधेयक, पस्तीस वर्षं, सगळं एका दारापलीकडे होतं. त्यांनी आणखी एक रेटा दिला. पुढून नर्सबाई पुन्हा किंचाळली.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की रेटतो आहे तो आपणच.

आक्काने त्यांना ती दुपार एकदाच सांगितली होती. पुढच्यांना वाटत होतं दार उघडत नाही; मागच्यांना वाटत होतं पुढच्या हलत नाहीत. दाराजवळच्या बाईच्या हातात काहीच नसतं, बारक्या. सगळ्यांत मागची जी असते ना, ती मागे सरली तरच दार उघडतं. आणि मागचीला ते कळत नाही.

बिजागरी थांबले. वळले. दाराकडे पाठ केली आणि उलट, टेबलाच्या दिशेने निघाले.

“मागे!” त्यांचा आवाज मोठमोठ्या सभांमध्ये लाऊडस्पीकरशिवाय पोचलेला. “दार सोडा! सगळे माझ्याकडे या! टेबल उचला, फेका बाजूला! मागच्यांनो, तुम्ही आधी! एक पाऊल! अजून एक!”

“साहेब, हे टेबल सरकारी...” कारकून म्हणाला.

“उचल, बाबा!”

टेबल भिंतीला उभं लागलं. शेवटची रांग सरकली, मग तिच्या पुढची. बिजागरी भिंतीला पाठ लावून हात हलवत होते, जसं एखाद्या गाडीला मागे घेतात तसं. “या, या, या... थांबू नका... या.” दाराशी जागा झाली. पैलवानाने एक हात मोकळा केला, नर्सबाईला कुशीत धरून बाजूला घेतलं आणि दुसऱ्या हाताने कडी ओढली.

दार उघडलं.

पण बिजागरी आता लॉबीच्या पार दुसऱ्या टोकाला होते. मधे सगळं सरकार.

घंटेचा आवाज उघड्या दारातून सरळ आत आला.

“वाट द्या,” पैलवान म्हणाला. मग ओरडला, “वाट द्या रे त्यांना!”

लोकांनी भिंतींना पाठी लावल्या. पोटं आत घेतली. मधे एक माणूस जाईल एवढी फट पडली, आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे बिजागरी धावत सुटले. कुणी पाठीवर हात ठेवून पुढे ढकललं, कुणी ‘जपून, साहेब’ म्हटलं. ज्याचा चष्मा पडला होता तो चक्क ‘पळा, पळा’ म्हणून ओरडत होता. पैलवानाने दार पाठीने धरून ठेवलं होतं. बिजागरी त्याच्या काखेखालून बाहेर पडले.

त्यांच्या मागोमाग नर्सबाई बाहेर पडली, सुजलेलं मनगट दुसऱ्या हातात धरून.

“बाई, कुठे?” प्रतोदाने हाक मारली. “बाई, व्हिप आहे, पक्षाचा आदेश! आपली बाजू ही!”

“माहीत आहे,” ती न थांबता म्हणाली. “वॉर्डात असे हात मी रोज बांधायचे. आज माझा आहे.”

प्रतोद पैलवानाकडे वळला. “निदान तुम्ही तरी आत या. दार लावा. घंटा संपतेय.”

पैलवानाने छाती चोळली. “नोटीस काढाल?”

“काढावीच लागेल!”

“काढा. बरगडीपेक्षा नोटीस बरी,” म्हणत त्याने पाठ दारावरून काढली आणि तोही सभागृहात उतरला.

आता तिघे धावत होते. सभागृह अख्खं रिकामं, मधे नुसती बाकं. अध्यक्षबाई आपल्या उंच खुर्चीतून हे पाहत होत्या. त्यांना कुणाची बाजू घेता येत नाही, पण त्या पुढे झुकल्या होत्या आणि हातोडा त्यांनी घट्ट धरला होता. गॅलरीतले सगळे उठून उभे होते. पहारेकरी लोकांना खाली बसवायचं सोडून स्वतःच कठड्यावरून वाकला होता.

“उजवीकडे!” आक्का ओरडली. “जेवतोस त्या हाताला!”

या वेळी तिला कुणी गप्प केलं नाही.

‘होय’च्या लॉबीचा शिपाई कुलूप हातात घेऊन उभा होता. त्याने दार आत ढकलून धरलं. नर्सबाई शिरली. पैलवानाने बिजागरींना कोपराला धरून जवळजवळ उचललंच आणि आत टाकलं, मग स्वतः शिरला. घंटा थांबली. कुलूप लागलं.

आत बिजागरींचे साथीदार घामाघूम होऊन त्यांना शोधत होते. “साहेब! होतात कुठे?”

“जुन्या घरी,” बिजागरी म्हणाले. त्यांना धाप लागली होती. “निरोप घ्यायला गेलो होतो.”

मोजणी झाली. सगळे परत बाकांवर आले. सरकारी बाजूला कुजबुज चालली होती, दोघेजण नर्सबाईच्या मनगटाला ओला रुमाल गुंडाळत होते, आणि प्रतोद बोटांवर पुन्हा पुन्हा तोच हिशोब करत होता. दोन्ही कारकुनांनी आपापली चिठ्ठी अध्यक्षबाईंकडे दिली. त्यांनी चष्मा लावला. एक चिठ्ठी वाचली. दुसरी वाचली. मग पहिली परत वाचली.

“‘होय’ एकसष्ट. ‘नाही’ साठ.” त्यांनी घसा साफ केला. “विधेयक मंजूर झालं आहे.”

पुढचा काही वेळ कुणी काय बोललं हे कामकाजाच्या नोंदीत नाही. नोंद घेणाऱ्यांनी तिथे ‘गोंधळ’ एवढंच लिहिलं आहे. बाकं वाजत होती, कागद उडत होते, विरोधी आमदार एकमेकांच्या गळ्यात पडत होते. ज्याचा चष्मा लॉबीत पडला होता तो सरकारी सदस्य स्वतःच्या विरोधात गेलेल्या निकालावर टाळ्या वाजवत होता, आणि प्रतोदाने पाहिल्यावर थांबला. बांधकाममंत्री मधली मोकळी जागा ओलांडून आले आणि त्यांनी हात पुढे केला.

“अभिनंदन. पण साहेब, आमच्या लॉबीत येऊन आमची दोन माणसं पळवलीत. असला डाव आम्ही पाहिला नव्हता.”

“डाव कसला,” बिजागरी म्हणाले. “म्हातारपण.”

ते बाकावर बसले. खिशात कोंबलेले कागद काढून त्यांनी ते मांडीवर सरळ केले. मग उठले आणि जिन्याने गॅलरीकडे निघाले.

गॅलरीचं दार बंद होतं. आतून कुणीतरी काठीने ते ठोकत होतं.

“आक्का?”

“अरे, हे उघडत का नाही?” आतून आवाज आला. “मी ढकलतेय, ढकलतेय...”

“आक्का, ते आत उघडतं. मागे हो.”

आत काठीची टकटक झाली. बिजागरींनी दार हळूच ढकललं. आक्का तिथे उभी होती, काळा चष्मा कपाळावर चढवलेला, डोळे लाल. तिने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग बिजागरीकडे, लोखंडाच्या, चौकटीतल्या.

“गाढवा,” ती म्हणाली. “उभा जन्म दार दार केलंस आणि आज चुकीच्या दारात शिरलास.”

“सवय, गं.”

“आणि सगळ्यांत मागे तूच होतास ना? मी वरून पाहिलं. दार उघडलं तेव्हा सगळ्यांच्या पलीकडे, भिंतीला पाठ लावून तू उभा होतास.”

“मागच्यानं सरावं लागतं. तूच सांगितलं होतंस.”

आक्काने त्यांचा सदरा खांद्यावर ताणून सरळ केला. गर्दीत तो उसवला होता. मग काठीचं टोक दाराला लावलं.

“हे कधी बदलणार?”

“कायद्यात एक वर्षाची मुदत दिलीय, आक्का.”

“वर्ष?” तिने चष्मा डोळ्यांवर ओढला, त्यांचा दंड धरला आणि पहिल्या पायरीवर काठी टेकली. “म्हणजे मला अजून एक वर्ष थांबावं लागणार. कुणी सांगितलं होतं एवढी मुदत द्यायला?”